टिटवीनं वॉकिंग ट्रॅकवर अंडी घातली तेव्हा : आमच्या गावच्या उद्यानाचं एक प्रकरण

मार्चचा शेवटचा आठवडा, सकाळचे सव्वासहा, आणि उद्यान समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज. बोलणाऱ्या काकांचा आवाज कमी आणि टिटवीचाच जास्त. "अहो मॅडम ही बया डोक्यावर झेप घेतीय, मी चौथी फेरी करू का नको?" एवढं कळलं. मी गेले. वाटेच्या कडेला, मुरमाच्या खड्यांमध्ये, खड्यांच्याच रंगाची चार अंडी, टोकं आत वळवून गोल मांडल्यासारखी, आणि घरटं म्हणाल तर वाटीएवढा खळगा, भोवती चार खडे आणि शेळीच्या लेंड्या. दोन फुटांवर बुटांचे ठसे. अजून कुणाचा पाय पडला नव्हता हेच नवल.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत जे झालं ते सगळं इथे लिहून काढते. कारण अशी उद्यानं आता गावोगाव होतायत, एखादा पाझर तलाव, त्याच्या भोवती फिरायची वाट, दोन बाक, एक कमान, आणि मग कुणीतरी दुर्बीण घेऊन येतं आणि कळतं की अरे इथे पक्षी पण आहेत. दोन्ही मंडळी एकाच वाटेवर येतात, आणि त्या वाटेवर तिसरं कुणीतरी आधीच राहतंय ही गोष्ट शेवटी लक्षात येते. आमच्याही शेवटीच आली.

जागा कशी आहे ते आधी

जुना पाझर तलाव, पूर्वेला त्याचा मातीचा बांध, पश्चिमेला गायरानाचा उघडा माळ, आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात एक खड्डा जिथनं वाटेसाठी मुरूम काढला. वाटेचा पूर्ण फेरा साधारण बाराशे मीटर. खाली काळी माती आहे, पावसात ती फुगते आणि चपलेला किलोकिलोनं चिकटते, त्यामुळे वर मुरमाचा थर देऊन रोलर फिरवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रुंदी पाच फूट ठेवली, म्हणजे दोघं बोलत जाऊ शकतात, आणि तलावाच्या बाजूला तीनेक इंच उतार दिला म्हणजे पाणी वाटेवर न थांबता निघून जातं. हे एक काम आम्ही बरोबर केलं होतं हे आधीच सांगून ठेवते कारण पुढे बरोबर केलेली कामं फार येणार नाहीत.

माळावर मात्र ठेकेदारानं आम्हाला न विचारता वाट दहा-बारा फूट रुंद करून टाकली. ट्रॅक्टर वळवायला सोपं जातं म्हणून. बघायला छान, ऐसपैस. आता टिटवीच्या नजरेनं बघा. तिला काय लागतं, तर उघडी, खडबडीत, थोडी उंच जागा, जिथे अंडी खड्यांत मिसळून जातील आणि बसल्या जागेवरनं चहूबाजूंनी येणारा दिसेल. रेल्वेच्या रुळांमधल्या खडीत टिटव्यांनी अंडी घातल्याच्या नोंदी आहेत, गाडी आली की उठायचं आणि गेली की परत बसायचं. घरांच्या गच्चीवर घातलेली पण आहेत. म्हणजे आम्ही फिरायची वाट केली असं आम्हाला वाटत होतं आणि प्रत्यक्षात टिटवीला पंचक्रोशीतली सगळ्यात उत्तम बाळंतिणीची खोली बांधून दिली होती. "वाटेतच कशाला घातली मेलीनं" असं जो तो म्हणत होता, पण त्या अख्ख्या माळावर वाट हीच तिला सर्वात पसंत पडावी अशी जागा होती.

पहिला डाव, जो फसला

माझी पहिली चूक अशी की मला फार आनंद झाला. मी घरट्याभोवती चुन्यानं गोल काढला, चार दगड ठेवले, दोन काठ्यांना लाल फीत बांधली आणि शाळेच्या मुलांकडून बोर्ड रंगवून घेतला. 'शांतता राखा, टिटवीचे घरटे'. बोर्डावर टिटवीचं चित्र पण सुरेख आलं होतं, चोचीपाशी ते लाल कातडं वगैरे सगळं.

दोन दिवसांत काय झालं तर आजवर जे लोक त्या जागेवरनं सरळ चालत जात होते ते बोर्डापाशी थांबायला लागले. थांबायचं, वाचायचं, मग वाकून शोधायचं, अंडी सहज दिसत नाहीत म्हणून आणखी एक पाऊल पुढे, मग दिसली की मागच्याला हाक, मग मोबाईल. रविवारी आसपासच्या गावांतनं पण माणसं आली. तालुक्याच्या गावाहून दोघं फोटोग्राफर मोठ्या लेन्स घेऊन आले आणि वाटेवरच पालथे झोपले, बिचारे चांगलेच होते, पण तास-दीड तास. टिटवी तेवढा वेळ हवेत, नाहीतर पंधरा हातांवर उभी राहून ओरडतेय.

मार्च-एप्रिलच्या उन्हात टिटवी अंड्यावर बसते ती काही फक्त ऊब द्यायला नाही, दुपारी तर ती अंड्यांना सावली धरून उभी असते. तलावावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओल्या पोटानं अंडी थंड करते. नर-मादी आळीपाळीनं हे काम करतात. मुरूम तापला की त्यावर उघडं पडलेलं अंडं म्हणजे तव्यावर ठेवल्यासारखंच. ती दहा मिनिटं उठून ओरडली तर आपल्याला वाटतं रागावलीय, खरं तर त्या दहा मिनिटांत अंडी भाजत असतात. दुसरं म्हणजे कावळा. माणसं गोळा होऊन खाली बघतायत म्हणजे तिथे काहीतरी आहे एवढं कावळ्याला पक्कं कळतं. माणसं गेली की तो उतरतो.

अकराव्या दिवशी सकाळी खळगा रिकामा. एका अंड्याचं कवच थोडं लांब पडलेलं, बाकी काही नाही. कावळा की कुत्रं ते सांगता येणार नाही. लाल फीत वाऱ्यावर फडफडत होती आणि बोर्ड उभा होता. तो मी त्याच दिवशी काढला, मुलांना काय सांगायचं हा वेगळाच प्रश्न होता, ते जाऊ दे.

मधल्या काळातली भांडणं

समितीची मीटिंग झाली ती बरीच तापली. फिरणाऱ्यांचं म्हणणं की वाट आमच्यासाठी केलीय, एका काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी रोज पाच किलोमीटर सांगितलंय, म्हणजे चार फेऱ्या आणि वर थोडं, ते म्हणाले पक्ष्यापायी मी हायवेवर मरायला जाऊ का. हे काही चूक नव्हतं. पक्षीवाल्या पोरांचं म्हणणं की माळाची बाजू जूनपर्यंत बंदच करा. एक जण म्हणाला उगाच डोकेफोड कशाला, पुढच्या वेळी अंडी उचलून बाजूला ठेवू. त्याला सांगावं लागलं की बाबा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात रानपक्ष्यांची अंडी फोडणं तर येतंच पण अंडी-घरटी डिवचणं सुद्धा येतं. कायदा सोडा, टिटवी तिची जागा ओळखते, तुमच्या सोयीची जागा ओळखायला ती बांधील नाही.

आणि मग ते वाक्य आलंच, "टिटवीच तर आहे, माळढोक थोडीच आहे." खरंय, टिटवी काही दुर्मिळ नाही. पण त्याच माळावर डोंबारी आणि चंडोल हे चिमणीएवढे पक्षी पण जमिनीवरच घरटी करतात, रातवा हा रात्री उडणारा पक्षी तर घरटंच करत नाही, सरळ मातीवर अंडी. ते ओरडत नाहीत, डोक्यावर झेपा घेत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर पाय पडला तर तुमच्या-माझ्या लक्षातही येत नाही. टिटवी निदान तक्रार करते. २०२३ च्या भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीच्या अहवालात ९४२ जातींचा आढावा घेतलाय, त्यातल्या १७८ जाती तातडीनं लक्ष द्यायच्या यादीत टाकल्यात, आणि उघड्या माळरानातल्या पक्ष्यांची अवस्था वाईट असल्याचं त्यात स्पष्ट आहे. आपल्याकडे माळ म्हणजे पडीक, पडीक म्हणजे झाडं लावा, हा हिशोब डोक्यात इतका पक्का बसलाय की आमच्याही पहिल्या आराखड्यात अख्ख्या माळावर गिरिपुष्प लावायचं ठरलं होतं. पैसे आले नाहीत म्हणून माळ वाचला. कधीकधी पैसे न येणं हेच संवर्धन असतं.

अजून एक गोष्ट मला त्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा खटकली. आमचे सगळे पक्षीनिरीक्षणाचे कार्यक्रम हिवाळ्यात. पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांचे जन्मदिवस ही त्याची दोन टोकं, मग फेब्रुवारीत ती जगभर चालणारी चार दिवसांची पक्षीगणना. तेव्हा पाहुणे पक्षी आलेले असतात, तलावावर चक्रवाक दिसतो, माळावर भोवत्या हा शिकारी पक्षी फिरतो, हवा गार, लोक खूश, यादी मोठी. आणि मार्च ते जुलै, जेव्हा इथले पक्षी पोरंबाळं वाढवतात, तेव्हा आमच्यापैकी कुणी तिकडे फिरकत पण नाही. तर आम्हाला माळावर कोण कुठे घरटं करतं हेच माहीत नव्हतं. ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर आमच्या दोन वर्षांच्या चेकलिस्ट होत्या, त्यात टिटवी प्रत्येक वेळी होती, '४', '६', '५'. त्यातली किती पिलं जगली हे त्या आकड्यांतनं कसं कळणार? यादीत पक्षी आहे म्हणजे त्याचं बरं चाललंय असं धरून चालणं किती सोपं असतं ते बघा.

मावशींनी सांगितलं ते

माळावर रोज शेळ्या घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत. मीटिंगला त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, त्या बाहेर कट्ट्यावर बसून सगळं ऐकत होत्या. मी निघाले तेव्हा म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही थांबताय म्हणून ती उठतीय. माझ्या शेळ्या तिच्या अंगावरनं जात्यात, ती हलत बी नाही. शेळी तिच्याकडं बघत नाही ना."

आता हे मला आधी जरा गोष्टीतल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एप्रिलच्या २२ तारखेला मावशींनीच निरोप दिला की तिनं परत घातलीत. पहिला डाव गेला की टिटवी त्याच हंगामात पुन्हा अंडी घालते हे वाचलेलं होतं, बघायला मिळालं. पुन्हा वाटेवरच, पहिल्या जागेपासून शंभरेक पावलं पुढे. त्या दिवशी दोन अंडी होती, २५ तारखेला चार पूर्ण. चौथं अंडं आलं की तिथनं साधारण २८ ते ३० दिवस मोजायचे, म्हणजे २४ मे च्या आसपास. कॅलेंडरवर खूण केली. आणि यावेळी काहीही करायच्या आधी तीन सकाळी आम्ही तिघं बांधावर बसून फक्त बघत राहिलो, सहा ते साडेआठ, वहीत लिहीत. बोर्ड नाही, फीत नाही, गावात कुणाला सांगणं नाही.

वहीतनं जे दिसलं ते मावशींच्या म्हणण्यासारखंच. चालत्या पायानं, गप्पा मारत, बाजूनं निघून जाणाऱ्यांना टिटवी बहुतेक वेळा फक्त मान उंच करून बघायची. पंधरा पावलांवरनं पाच जणांचा घोळका मोठमोठ्यानं हसत गेला, बसून राहिली. पण एक जण तीस पावलांवर बुटाची नाडी बांधायला थांबला, लगेच उठली. तिच्याकडे सरळ तोंड करून येणाऱ्यांना ती फार लांबूनच उठायची, तिरकं जाणाऱ्यांना नाही. हे आमच्या एका टिटवीपुरतं, पण सरळ रोखून येणारा, थांबणारा आणि टक लावून बघणारा हे तिघंही पक्ष्याच्या दृष्टीनं शिकारीच, हे पक्षी बघणाऱ्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा. आणि आपण पक्षीनिरीक्षक नेमकं तेच तिन्ही करतो की हो. सरळ जातो, थांबतो, टक लावून बघतो. हळूहळू दबकत पुढे जाणं तर मांजराचं काम. आम्हाला वाटायचं दबकत गेलो म्हणजे आपण सभ्य.

मग प्रश्न बदलला. 'माणसांना इथनं कसं हटवायचं' याच्याऐवजी 'माणसं इथेच का थांबतात'. त्याची उत्तरं वहीत होतीच. एक, तिथून बारा पावलांवर सिमेंटचा बाक. दोन, माळाचा तो कोपरा चढावर आहे आणि आमच्या उद्यानात मोबाईलची रेंज फक्त तिथेच येते, लोक फेरी मारता मारता तिथे थांबून मेसेज बघतात. तीन, कुत्री. कुत्र्यांचं कोडं सुटायला जरा वेळ लागला, तीन-चार भटकी कुत्री रोज सकाळी माळावर कशी येतात, तर कमानीपाशी दोघं-तिघं त्यांना खायला घालतात आणि मग कुत्री उपकाराची परतफेड म्हणून त्यांच्या मागोमाग अख्खी फेरी करतात.

दुसऱ्या डावात काय केलं

बाक उचलला. सिमेंटचा होता, सहा जण लागले, संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पण अंधार पडायच्या आधी, वीस मिनिटांत काम उरकलं आणि लांब गेलो. तो आता तलावाच्या टोकाला बाभळीखाली आहे, आणि खरं म्हणजे तिथे तो आधीपासूनच असायला हवा होता, सावली तरी मिळते.

फेरीची दिशा उलटी केली. हे सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं निघालं. आमच्याकडे सगळे डावीकडून उजवीकडे फिरायचे, त्यामुळे माळावरच्या लांब सरळ पट्ट्यात माणूस शंभर-सव्वाशे पावलं टिटवीच्या तोंडावर चालून यायचा. उलट्या फेरीत तो वळणावरनं तिरका येतो, जवळून निघतो आणि मग सरळ पट्टाभर त्याची तिच्याकडे पाठ. रेंजचा चढ पण आता घरटं मागे पडल्यावर येतो. रेंज काही आपल्याला हलवता येत नाही पण माणसाचं तोंड फिरवता येतं. यावरनं थोडी गंमत झाली, ऑपरेशनवाले काका म्हणाले उलटी प्रदक्षिणा घालायला लावताय होय, पाप कुणाच्या माथी? समितीच्या, असं लिहून घेतलं आणि विषय संपला.

घरट्याच्या साठेक मीटरच्या तुकड्यापुरती वाट चाळीस पावलं बाजूला घेतली. नवीन काही बांधलं नाही, माळावर चुन्याची एक रेघ. रेघ मारण्याआधी मावशी आणि पक्षीवाला एक पोरगा असे दोघं तेवढा पट्टा नजरेखालून घालून आले, कारण टिटवीला वाचवताना डोंबाऱ्याच्या घरट्यावरनं वाट नेली तर ती शोभा व्हायची. बोर्ड नाही. रोज येणाऱ्यांना तोंडी सांगितलं, "न थांबता जा, बोलत जा, चालेल." पक्ष्याजवळ गप्प बसा असं आयुष्यभर ऐकलेल्या माणसांना बोलत जा सांगितल्यावर ती फार खूश होतात असं दिसलं.

एक हिरवी जाळी लावायची कल्पना माझीच. आडोसा झाला की तिला माणसं दिसणारच नाहीत, असा विचार. लावली, आणि टिटवी अर्धा तास जवळच येईना. रोज दिसणारी मोकळी बाजू एकदम बंद, आणि जाळीच्या टोकाला माणूस अचानक उगवतो, लांबून येताना दिसत नाही. जी चहूबाजूंनी दिसावं म्हणून उघड्यावर बसते तिच्यापुढे पडदा लावणारी मी. ती जाळी लगेच काढली, चाळिसाव्या मिनिटाला ती परत बसली, त्या चाळीस मिनिटांत मला जो घाम फुटला तो एप्रिलचा नव्हता.

फोटोग्राफरांचं काय करायचं हा खरा पेच होता. बंदी घातली असती तर ते दुपारी आले असते, कुणी नसताना, आणि दुपारचीच वेळ सगळ्यात वाईट. म्हणून त्यांना बांधावर जागा करून दिली. बांध पूर्वेला, त्यामुळे सकाळचा सूर्य त्यांच्या पाठीशी आणि अख्खा माळ समोर उजळलेला, शिवाय खाली तलावाच्या काठावर पोट भिजवायला येणारी टिटवी त्यांना तिथनं पाण्यासकट मिळते. अंड्यांचे फोटो नाहीत, हे त्यांनी स्वतःच मान्य केलं, हल्ली बऱ्याच स्पर्धांमध्ये घरट्याचे फोटो घेतही नाहीत. लोकेशन कुठे टाकायचं नाही एवढं मात्र निक्षून सांगितलं. त्यातल्या एकानं नंतर ओल्या पोटाचा जो फोटो पाठवला, पिसांवरनं थेंब ओघळतायत, तो आमच्या ग्रुपचा डीपी आहे.

कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांना फेरीआधी न घालता फेरी झाल्यावर घालायची विनंती केली. दोघांनी ऐकलं, एकानं नाही. त्या एकाच्या मागे जाणारं तांबडं कुत्रं पुढचे चार आठवडे माझ्या झोपेत यायचं.

२३ मे ते २५ मे

२३ ला संध्याकाळी मावशी म्हणाल्या उद्या फुटतील, तिचा ओरडा बदललाय. मला काही फरक कळला नाही. २४ ला सकाळी बांधावरनं दुर्बिणीतनं बघितलं तर खळग्यात दोन लोकरीचे गोळे आणि तिसरं अंड्यातनं निघतंय. साडेआठपर्यंत तिन्ही उभी. चौथं अंडं फुटलंच नाही, पहिल्या दिवसांत तापलं असेल, किंवा आमच्या जाळीच्या चाळीस मिनिटांत, किंवा मुळातच वांझ असेल. मी त्याचा हिशोब लावायचा प्रयत्न बरेच दिवस करत होते.

टिटवीची पिलं घरट्यात राहत नाहीत. अंगावरची लव वाळली की चालायला लागतात, आणि आईबापानं इशारा दिला की जिथे असतील तिथे जमिनीला चिकटून दगड होतात. दुपारपर्यंत ती वाटेवरनं माळात आणि २५ ला सकाळी तलावाच्या ओल्या काठावर, किडे टिपत. ज्या वाटेवरनं एवढी भांडणं झाली ती एका दिवसात मोकळी. काकांनी २५ लाच जुन्या वाटेनं फेरी सुरू केली, उलटीच मात्र, आता सवय झालीय म्हणाले.

तिघांपैकी एक पिलू जूनच्या पहिल्या आठवड्यात दिसेनासं झालं. दोन उडायला लागलेली आम्ही पाहिली.

नंतरचे बदल, आणि एक फजिती

माळावरची वाट पाच फुटांवर आणली, बाजूचा उरलेला मुरूम गोळा करून थोडा लांब, चढावर, एक वेगळा पट्टा टाकला, उद्देश हा की पुढच्या वर्षी बाईसाहेबांनी तिथे मुक्काम करावा. गवत कापणी जूनपासून पूर्ण बंद, बी पडून गेल्यावर नोव्हेंबर-डिसेंबरात. शेळ्यांना मात्र बंदी नाही, त्यावर काही जण नाराज आहेत, पण माळ थोडा चरला गेला तरच तो चंडोल-डोंबाऱ्याच्या कामाचा राहतो, कमरेएवढं गवत त्यांनाही नको असतं.

दक्षिणेच्या कोपऱ्यातला मुरमाचा खड्डा बुजवायचा, निदान त्याच्या उभ्या कडा तासून उतार करायचा असा ठराव आधी झालेला होता, कुणी पडेल म्हणून. या सगळ्या बघाबघीत लक्षात आलं की त्या उभ्या कडेला वेड्या राघूंनी बिळं केलीयत, सात-आठ तरी, चोचीनं उकरलेली. ठराव मागे घेतला आणि वरच्या बाजूनं काटेरी कुंपण केलं. हे मार्चमध्ये मीटिंगमध्ये कुणी सांगितलं असतं तर मीच हात वर करून बुजवा म्हणाले असते.

आणि आम्ही खास टाकलेला तो मुरमाचा पट्टा? दुसऱ्या वर्षी त्यावर काही नाही. तिसऱ्या वर्षी पण नाही, एक चंडोल त्यावर धुळीत लोळतो तेवढंच. टिटवी दुसऱ्या वर्षी परत माळावरच्या वाटेवरच बसली, चुन्याची रेघ ओढून आम्ही पुन्हा चाळीस पावलं बाजूला. यंदा तिनं गाड्यांच्या पार्किंगमध्ये घातलीत, कमानीच्या आत, नवीन टाकलेल्या खडीत, एका ड्रायव्हरला ती चाकापुढे पंख पसरून उभी राहिलेली दिसली म्हणून कळलं. पार्किंग बंद आहे, गाड्या बाहेर रस्त्याकडेला लागतात. चौथं अंडं परवा आलं. काका आता गाडीतनं उतरले की तिच्याकडे न बघता, फोनवर बोलल्याचं नाटक करत आत जातात.